गहाण पडलेला मुकुट

शाळेत असताना एक वाक्य आपण सगळ्यांनीच घोकलेले असते. १४५३ साली तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले, युरोपचा पूर्वेकडचा खुष्कीचा व्यापारी मार्ग बंद झाला आणि म्हणून युरोपियनांनी जलमार्गाचा शोध सुरू केला. ‘कारणे द्या’ या प्रश्नाखाली एवढे लिहिले की गुण पदरात पडत. या वाक्याचे दुसरे टोक १४९८ साली कालिकतच्या किनाऱ्याला लागते, म्हणून ते आपल्याला जवळचे. पहिल्या टोकाला जे शहर पडले ते कोणाचे होते, तिथे राज्य कोण करीत होते, याची चौकशी करण्याची वेळ आपल्यावर कधी येत नाही. परीक्षेत तो प्रश्न नसतो.

तिथे पॅलिओलोगस घराण्याचे राज्य होते. रोमन साम्राज्याची जी पूर्वेकडची पाती इतिहासात बायझंटाईन म्हणून ओळखली जाते (ते लोक मात्र स्वतःला अखेरपर्यंत रोमनच म्हणवीत), तिचे हे शेवटचे राजघराणे. १२६१ साली त्यांनी कॉन्स्टँटिनोपल परत मिळवले आणि १४५३ साली ते गमावले. मध्ये जवळजवळ दोनशे वर्षे गेली. त्या साम्राज्याच्या अकराशे वर्षांत इतका काळ दुसरे कोणतेही घराणे टिकले नाही. आणि इतके कर्जबाजारीही दुसरे कोणते झाले नसावे.

मी कादंबऱ्या लिहितो, आणि आयुष्याची बत्तीस वर्षे मी बँकेत काढली आहेत. यातल्या कादंबरीकाराला या घराण्यातला शेवटचा पुरुष भुरळ घालतो. कॉन्स्टंटाइन अकरावा. शहराची तटबंदी फुटली तेव्हा त्याने अंगावरची राजचिन्हे काढून टाकली, तलवार उपसली आणि तो गर्दीत घुसला, असे सांगतात. त्याच्या देहाची खात्रीलायक ओळख कधी पटली नाही. कादंबरीला याहून चांगला शेवट कोणता हवा? पण बँकेतला माणूस त्या रक्तरंजित पहाटेपाशी थांबायला तयार नसतो. तो विचारतो, हे खाते बुडीत नेमके कधी झाले? कारण खाते ज्या दिवशी बुडीत म्हणून नोंदले जाते, त्या दिवशी ते बुडालेले नसते. ते फार आधी बुडालेले असते.

मला विचाराल तर या घराण्याचे सगळ्यांत बोलके कागदपत्र १४५३ चे नाही, ११० वर्षे आधीचे आहे. १३४३ साली सम्राट जॉन पाचवा अकरा वर्षांचा होता. त्याच्या नावाने राज्यकारभार पाहत होती त्याची आई, सॅव्हॉयची ॲना, इटलीकडून आलेली सून. दरबारातला सर्वांत मोठा सरदार जॉन कँटाक्यूझिनस याने स्वतःला सम्राट म्हणवून घेतले होते आणि यादवी पेटली होती. सैन्याला पगार द्यायला पैसा नव्हता. ॲनाने साम्राज्याची जडजवाहिरे व्हेनिसच्या प्रजासत्ताकाकडे गहाण ठेवली आणि ३०,००० डुकॅट उचलले. जवाहिरे व्हेनिसला सेंट मार्कच्या खजिन्यात जाऊन पडली. ती कधीही सोडवली गेली नाहीत.

सोनेतारणाच्या टेबलावर ज्यांनी दोन-चार वर्षे काढली आहेत, त्यांना या व्यवहाराचा वास लगेच येईल. पेरणीच्या दिवसांत बायकोच्या पाटल्या घेऊन येणारा शेतकरी दिवाळीनंतर त्या सोडवायला येतो, कारण मधल्या काळात शेतात काही उगवलेले असते. पण पाटल्या गहाण ठेवून मिळालेला पैसा भावकीच्या कोर्टकज्ज्यात गेला तर? तिथे उगवत काहीच नाही. मग तो दर वर्षी येतो, व्याजाची जमवाजमव करतो, कागद नवे-जुने करून घेतो आणि हात जोडून निघून जातो. ॲनाचे कर्ज असेच भावकीत खर्च झाले. व्हेनिसबरोबरचा तह पुढे शंभर वर्षे वेळोवेळी नवा होत राहिला आणि त्यात या जुन्या देण्याची आठवण निघत राहिली. शेवटचे नूतनीकरण १४४८ चे. शहर पडायला तेव्हा पाच वर्षे उरली होती.

सावकाराने इतकी सबुरी का दाखवली? तारण त्याच्या कुलपात होते, आणि त्याचा उपयोग पैसे वसूल करण्यापुरता नव्हता. रोमच्या सम्राटाचे अलंकार आपल्या ताब्यात आहेत, ही गोष्ट दर वाटाघाटीत ३०,००० डुकॅटपेक्षा जास्त मोलाची होती. अशा कर्जात परतफेडीची घाई सावकारालाच नसते.

१३४७ साली कँटाक्यूझिनसची सरशी झाली आणि त्याला जॉन सहावा म्हणून रीतसर राज्याभिषेक झाला. सेंट सोफियाच्या घुमटाचा भाग आदल्या वर्षी कोसळलेला, म्हणून सोहळा दुसऱ्या चर्चमध्ये करावा लागला. त्या काळचा इतिहासकार नायसेफोरस ग्रेगोरास नोंदवतो की मुकुटातली आणि वस्त्रांवरची रत्ने बहुतेक काचेची होती आणि मेजवानीची भांडी कथलाची व मातीची होती. सोन्याचांदीचे काही उरलेच नव्हते.

पण ॲना ही खलनायिका नव्हे. ती आली तेव्हा तिजोरीचा तळ दिसत होता. खरे खाते उघडले ते घराण्याच्या मूळपुरुषाने, मायकेल आठव्याने. इतिहास त्याला शहर परत मिळवून देणारा म्हणून गौरवतो. १२०४ साली पश्चिमेच्या धर्मयोद्ध्यांनी कॉन्स्टँटिनोपल लुटून तिथे आपला सम्राट बसवला होता, आणि निर्वासित ग्रीक राज्य पलीकडे आशिया मायनरमध्ये नायसिया येथे उभे होते. मायकेल हा तिथल्या बाल-सम्राटाचा पालक आणि मग सहसम्राट. मार्च १२६१ मध्ये त्याने जिनोआशी करार केला. व्हेनिसविरुद्ध लढाऊ जहाजे द्या, मी माझ्या सबंध राज्यात तुम्हाला जकात माफ करतो. आणि गंमत पाहा. चारच महिन्यांनी, २५ जुलैला, त्याच्या एका सेनापतीने काही शेकडा माणसांनिशी, शहरातला व्हेनिसचा ताफा बाहेर गेलेला असताना, कॉन्स्टँटिनोपल घेतले. जिनोआच्या जहाजांची गरजच पडली नाही. पण करार झाला होता. जकातीची माफी चालू राहिली. जे आपोआप मिळणार होते त्याच्यासाठी कायमचे उत्पन्न लिहून दिले गेले.

पुढे १२६७ साली जिनोआवाल्यांना कॉन्स्टँटिनोपलसमोर, खाडीपलीकडे, गलाटा येथे वसाहत मिळाली. व्हेनिसकडे सवलती आधीपासून होत्याच. आता आपल्याच बंदरात आपल्या व्यापाऱ्याला जकात आणि परक्याला माफी, असा न्याय सुरू झाला. त्याचा हिशेब ग्रेगोरासनेच दिला आहे. चौदाव्या शतकाच्या मध्यावर गलाटाच्या जिनोआवाल्यांचे जकातीचे वार्षिक उत्पन्न २,००,००० हायपरपिरॉन (हे तिथले सोन्याचे नाणे) आणि समोरच्या तीरावरच्या रोमन सम्राटाचे जेमतेम ३०,०००. दोन्ही तीरांमध्ये पाण्याचे अंतर ते किती! संध्याकाळी राजवाड्यातून पलीकडचे दिवे दिसत असतील. पाठ्यपुस्तकातल्या त्या वाक्याचे मला हसू येते ते इथे. व्यापार बंद पडला तो १४५३ ला असेल, पण तो त्या शहराच्या मालकांचा राहिलाच नव्हता.

मायकेलने आणखी एक गोष्ट केली. पश्चिमेकडून सिसिलीचा राजा चार्ल्स ऑफ अंजू चालून येईल या धास्तीत त्याने सगळा पैसा आणि सगळे लक्ष तिकडे वळवले. मुत्सद्दी म्हणून तो असामान्यच. १२७४ साली पोपपुढे धर्मैक्याचे वचन दिले, १२८२ साली सिसिलीत उठाव झाला आणि चार्ल्सचा काटा निघाला. पण आशियातल्या सरहद्दीवर जे शेतकरी-शिपाई करमाफीच्या बदल्यात पिढ्यानपिढ्या राखण करीत होते, त्यांच्या सवलती काढून घेतल्या गेल्या. त्यांची राखण सुटली. मायकेलच्या मृत्यूनंतर ४४ वर्षांनी, १३२६ साली, बुर्सा हे शहर उस्मानच्या वंशाच्या हाती गेले. ज्या उस्मानली तुर्कांनी पुढे सगळेच घेतले, त्यांचे ते पहिले मोठे शहर. आणि हो, तो बाल-सम्राट, जॉन लास्कारिस. १२६१ च्या नाताळच्या दिवशी, त्याच्या अकराव्या वाढदिवशी, मायकेलने त्याचे डोळे काढवले. घराण्याची सुरुवात अशी.

त्याचा मुलगा अँड्रोनिकस दुसरा हा विद्वान, भाविक आणि काटकसरी. ‘काटकसरी’ हा शब्द मी जपून वापरतो, कारण हेड ऑफिसातून काटकसरीचे परिपत्रक निघाले की आधी काय बंद होते हे मी पाहिले आहे. पंखे चालू राहतात आणि रात्रीचा वॉचमन काढला जातो. १२८५ साली अँड्रोनिकसने खर्च वाचवण्यासाठी आरमार मोडले. जिनोआची जहाजे आहेतच की, असा विचार. बेकार झालेले कितीतरी खलाशी तुर्कांच्या आणि जिनोआवाल्यांच्या चाकरीला गेले. १३०३ साली तुर्कांशी लढायला स्पेनकडचे भाडोत्री कॅटलन सैनिक आणले. त्यांचे पगार थकले, त्यांना हिणकस नाण्यांत पैसे दिले, शेवटी १३०५ साली त्यांच्या नायकाचा दगाफटक्याने खून झाला. मग दोन वर्षे त्यांनी थ्रेसचा प्रांत जाळला. नाण्याचीही तीच कथा. अकराव्या शतकाच्या अखेरीस हायपरपिरॉन सुरू झाले तेव्हा त्यात चोवीसपैकी वीस कॅरेटहून अधिक सोने असे. अँड्रोनिकसच्या काळात ते निम्म्यावर आले. चौदाव्या शतकाच्या मध्यावर सोन्याचे नाणे पाडणेच बंद झाले. सगळ्या भूमध्य समुद्राची पत ज्या साम्राज्याच्या नाण्यावर चाले, त्याचे सम्राट आता डुकॅटमध्ये, म्हणजे सावकाराच्या नाण्यात, हिशेब मांडू लागले.

याच अँड्रोनिकसचा अर्थकारभार थिओडोर मेटोकायटिस या महापंडिताकडे होता. खगोलशास्त्राचा अभ्यासक, कवी, आणि पदे विकून गब्बर झाल्याचा आरोप असलेला मंत्री. त्याने साधारण १३१५ ते १३२१ या काळात शहराच्या कडेला कोरा हा मठ स्वखर्चाने नव्याने सजवून घेतला. तिथली मोझाइक चित्रे जगातल्या श्रेष्ठ चित्रांत मोडतात. त्यातल्या एकात भलेमोठे पागोटे घातलेला मेटोकायटिस गुडघे टेकून ख्रिस्ताला त्या मंदिराची प्रतिकृती अर्पण करतो आहे. (ही वास्तू १९४५ पासून संग्रहालय होती. २०२४ पासून ती पुन्हा मशीद म्हणून वापरात आहे.) १३२८ साली सम्राटाच्या नातवाने आजोबांना पदच्युत केले, तेव्हा जमावाने मंत्र्याचा वाडा लुटला. हद्दपारीनंतर परत येऊन त्याच मठात साधू म्हणून तो १३३२ साली वारला. एक प्रश्न मात्र मनातून जात नाही. आरमाराला नव्हता तो पैसा या सोनेरी काचखड्यांना कुठून आला? आणि आरमार आज कुठेच नाही, चित्रे आहेत. याचे उत्तर ताळेबंदात मांडता येत नाही, म्हणून ते तसेच ठेवतो.

जॉन पाचव्याकडे, म्हणजे ॲनाच्या मुलाकडे, परत येऊ. तो जवळजवळ पन्नास वर्षे नावाला सम्राट होता, आणि त्यातली बरीच वर्षे सासऱ्याशी, मुलाशी किंवा नातवाशी भांडण्यात गेली. १३५४ साली भूकंपाने गॅलिपोलीचा तट पडला आणि तुर्कांनी ते घेऊन युरोपात पाय रोवला. मदत मागायला जॉन स्वतः १३६९ साली रोमला गेला, पोपपुढे गुडघे टेकून त्याने व्यक्तिशः पंथ बदलला. मदत आली नाही. परतताना तो व्हेनिसला थांबला. तिथे त्याने एक सौदा मांडला. दार्दानेल्सच्या तोंडाशी असलेले टेनेडोस बेट तुम्हाला देतो. तुम्ही मला आईची ती जवाहिरे परत द्या, सहा जहाजे द्या आणि वर २५,००० डुकॅट रोख. राजधानीत कारभार पाहणाऱ्या थोरल्या मुलाने, अँड्रोनिकसने, बेट सोडायला नकार दिला. सौदा फिसकटला आणि रोमनांचा सम्राट परत जायला पैसे नाहीत म्हणून व्हेनिसमध्ये अडकून पडला. कर्जदार म्हणून त्याला रोखून धरले होते की तो नुसताच पैशांची वाट पाहत होता, यावर अभ्यासकांत वाद आहेत. ज्याने थकबाकीदाराला मॅनेजरच्या केबिनबाहेरच्या बाकावर दिवसभर बसलेले पाहिले आहे, त्याला या दोहोंत फारसा फरक वाटणार नाही. अखेर धाकटा मुलगा मॅन्युएल थेस्सलोनिकीहून पैसे घेऊन आला, तेव्हा कुठे १३७१ साली बापाची घरी परतण्याची सोय झाली.

हा मॅन्युएल दुसरा या सगळ्या घराण्यातला मला सर्वांत आवडणारा माणूस. तो सुलतान बायझीदचा मांडलिक म्हणून त्याच्या छावणीत राहिला. १३९० साली फिलाडेल्फिया हे आशिया मायनरमधले शेवटचे रोमन शहर पडले, ते घेणाऱ्या तुर्की सैन्यात त्याला सामील व्हावे लागले. त्या छावणीतून लिहिलेली त्याची पत्रे उपलब्ध आहेत. ओसाड शहरांतून सैन्य जाते, शहराचे नाव विचारले तर सांगायला कोणी उरलेले नसते, असे तो कळवतो. ती शहरे त्याच्याच पूर्वजांची. १३९४ पासून बायझीदने कॉन्स्टँटिनोपलला वेढा घातला. १३९९ च्या डिसेंबरात मॅन्युएल मदतीसाठी पश्चिमेला निघाला. पॅरिसला त्याचे थाटात स्वागत झाले. १४०० चा नाताळ त्याने इंग्लंडच्या चौथ्या हेन्रीकडे घालवला. इतक्या दुरून इतक्या थोर सम्राटाला इथवर मदत मागत यावे लागले याचे एका इंग्रज बखरकाराला वाईट वाटले. आदर मिळाला, भेटवस्तू मिळाल्या, सैन्य मिळाले नाही. शहर वाचले ते १४०२ साली तैमूरने अंकाराला बायझीदचा पराभव केला म्हणून.

म्हातारपणी मॅन्युएलने आपल्या मुलाविषयी, भावी जॉन आठव्याविषयी, काढलेले उद्गार दरबारातला अधिकारी स्फ्रांट्झिस याने लिहून ठेवले आहेत. त्यांचा आशय असा, की मुलगा सम्राट व्हायला योग्य आहे, पण या काळाला नाही. तो भव्य गोष्टी पाहतो, जशा आमच्या पूर्वजांच्या वैभवाच्या दिवसांत शोभल्या असत्या. आजच्या राज्याला सम्राट नको आहे, चांगला कारभारी हवा आहे. ग्रीकमध्ये शब्द आहे ‘ओइकोनोमोस’, घर चालवणारा. इकॉनॉमी हा शब्द त्याच्याच कुळातला. सिंहासनावर बसून, हिशेबाची वही समोर ठेवून हे कबूल करणारा दुसरा सम्राट मला माहीत नाही.

यावर कोणी म्हणेल, कारभारी असता तरी काय झाले असते? उस्मानली सत्तेसमोर भलेभले टिकले नाहीत, आणि १२०४ च्या लुटीनंतर त्या घरात चालवण्यासारखे उरले तरी काय होते? आक्षेप खरा आहे. मॅन्युएलच्या वेळी राजधानी, पेलोपोनीजमधला मिस्त्राभोवतीचा मुलूख आणि किरकोळ बेटे एवढेच उरले होते. थेस्सलोनिकी राखता येईना म्हणून १४२३ साली ते व्हेनिसला देऊन टाकले. कारभारी बोलवायचा तो घरात धान्य असताना, कणगी झाडून झाल्यावर नव्हे. माझे म्हणणे एवढेच, की ही कणगी तुर्कांनी झाडली नाही. १२६१, १२८५, १३४३ या तारखांना वेशीपाशी एकही तुर्क नव्हता. होते ते करारावर सही करणारे घरचेच हात.

जॉन आठव्याने १४३९ साली फ्लॉरेन्सला पुन्हा धर्मैक्य मान्य केले. त्याच्या माणसांचा प्रवास आणि मुक्कामाचा खर्चही पोपच देत होता आणि तो भत्ता थकत असे. घरी आल्यावर प्रजेने तो करार झिडकारला. मग १४४९ साली त्याचा भाऊ कॉन्स्टंटाइन राजधानीत आला, तोही परक्या जहाजांतून. स्वतःचे जहाज नव्हते.

आणि इथे मला अडचण येते. कॉन्स्टंटाइननेही तेच केले जे सगळ्यांनी केले. ऑर्बान नावाचा हंगेरीकडचा तोफा ओतणारा कारागीर आधी त्याच्याकडे आला होता. त्याचा पगार परवडला नाही, म्हणून तो सुलतान महंमदाकडे गेला आणि त्याच तोफांनी तट पाडले. जिनोआचा योद्धा जुस्तिनियानी ७०० माणसे घेऊन मदतीला आला, त्याला शहर वाचल्यास लेम्नोस बेट देण्याचे लिहून दिले. चर्चमधली चांदी वितळवून पगाराची नाणी पाडली. शहरात लढण्याजोगी माणसे मोजण्याचे काम स्फ्रांट्झिसकडे दिले, तो आकडा पाच हजारांच्या आत निघाला. सम्राटाने तो गुप्त ठेवला. त्याच वेळी साम्राज्याचा पहिला मंत्री लुकास नोटारास याच्या ठेवी इटलीत, जिनोआ आणि व्हेनिसमध्ये, सुरक्षित होत्या. त्याची मुलगी ॲना इटलीतच राहिली आणि पुढे व्हेनिसच्या ग्रीक वस्तीची आधार झाली. राजा कफल्लक आणि मंत्र्याची मुदतठेव परदेशात, यातले नवल तुम्हाला वाटणार नाही, मलाही वाटत नाही.

पण वेढा चालू असताना सुलतानाकडून प्रस्ताव आला. शहर सोडा, माणसे आणि मालमत्ता घेऊन हवे तिथे जा. घराण्याच्या दोनशे वर्षांच्या रिवाजाप्रमाणे हाही एक सौदाच होता, आणि आधीच्या कितीतरी सौद्यांहून बरा. कॉन्स्टंटाइनचे उत्तर असे सांगतात, की हे शहर देण्याचा अधिकार मला नाही, इथे राहणाऱ्या कोणालाच नाही. पॅलिओलोगस घराण्यात तारण ठेवायला नकार दिल्याचे एवढे ठळक उदाहरण मला दुसरे सापडत नाही. हिशेबाच्या दृष्टीने तो नकार निरर्थक होता. मरणारी माणसे वाचली असती, लूट टळली असती. २९ मे रोजी जे झाले ते टळले असते. माझ्यातला बँकवाला या ठिकाणी वही मिटतो. त्याला हे उत्तर कोणत्या रकान्यात घालायचे ते कळत नाही, आणि कादंबरीकाराचा तिथे शिरण्याचा मोह त्याला मान्य नाही. नकार देणाऱ्याला मरायचे होते, म्हणून तो त्याला परवडला. ज्या बायकामुलांची बाजारात विक्री झाली त्यांना कोणी विचारले नव्हते.

घराणे मात्र २९ मेला संपले नाही. कॉन्स्टंटाइनचे दोन भाऊ पेलोपोनीजमध्ये एकमेकांशी भांडत होते, १४६० साली तोही मुलूख गेला. त्यांतला थॉमस रोमला गेला आणि पोपच्या तनख्यावर जगला. त्याची मुलगी झोई १४७२ साली मॉस्कोच्या तिसऱ्या इव्हानला दिली. मुलगा अँड्रियस स्वतःला कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट म्हणवी. तनखा पुरेना, देणी वाढली. आता गहाण ठेवायला ना जवाहीर होते, ना बेट, ना जकात. १४९४ साली त्याने सम्राटपदाचा हक्कच फ्रान्सच्या आठव्या चार्ल्सला ४,३०० डुकॅटच्या वार्षिक तनख्यावर विकला. चार वर्षांत चार्ल्स वारला. मग अँड्रियसने १५०२ साली मृत्युपत्र करून तोच हक्क स्पेनच्या फर्डिनंड आणि इसाबेलाच्या नावे लिहून दिला. स्पेनच्या राजांनी तो कधी वापरला नाही. अँड्रियसच्या अंत्यविधीसाठी त्याच्या विधवेला पोपकडून १०४ डुकॅट घ्यावे लागले.